बारीक पोरीचीही साखर तपासा

“पोरगी काटकुळी, तिला कसली साखर?” मावळातल्या कातकरी वाड्यांवर हेच ऐकते, आपल्या वस्तीतही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून जिल्ह्यातल्या खेड्यांत अभ्यास केला. कमी वजनाच्या बाळांच्या अंगातही चरबी तुलनेने जास्त दिसली. बारीक म्हणजे सुरक्षित नव्हे.

गरोदरपणात नाव नोंदवतानाच, आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी तपासणी हवी. उपाशी राहावे लागत नाही. १४० किंवा जास्त आली, तर उपचार लगेच.

कातकरी सून वीटभट्टीवर जाते अन् दुसरी तपासणी हुकते. तपासणी भट्टीवरच पोचली पाहिजे, ही मागणी आपणही करू. लग्नाआधीपासूनच गोड चहा कमी, कडधान्य जास्त, चालणे रोज. दर ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते. जाताना शेजारच्या वाडीतल्या पोरीलाही सोबत न्या.