वारसा तुमचा, वास आमचा

दर हिवाळ्यात शहरातल्या बागेत कलेचा नि हस्तकलेचा मेळा भरतो. मुंबईचा काळा घोडा महोत्सव १९९९ साली सुरू झाला, तो यातला थोरला. त्याची धाकटी भावंडं आता शहराशहरांतल्या बागांतून दिसतात. यंदा अशाच एका मेळ्याला मीही गेलो.

फाटकाशी हलगी कडाडत होती. वाजवणाऱ्या पोराच्या डोक्यावर भाड्याचा फेटा. आत बुरडाच्या टोपल्या, वारली चित्रं काढलेल्या किटल्या आणि मधोमध कोल्हापुरी चपला. वर पाटी : 'आपला वारसा'.

स्टॉलवरच्या पोरीला मी विचारलं, "कुणाच्या हातचं काम हे?"

"कारागिरांच्या."

"नाव काय कारागिराचं?"

ती गडबडली. पोरगी वाईट नव्हती. तिला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

दोस्तहो, माझा बाप जन्मभर रापी नि आरी चालवत बसला. ढोरांनी बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलेलं कातडं तो कापायचा. आई वेणी घालायची. खिळा एक नाही, सगळी शिवण वादीची. त्या कातड्याचा वास आमच्या कपड्यांना यायचा, म्हणून वर्गात माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही. त्या दिवशी बागेत एक बाई तीच चप्पल नाकाशी धरून हुंगत होती. म्हणाली, "अस्सल लेदर!" च्यायला, वास तोच. फक्त आम्ही त्यातून वजा.

२०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार जिल्हे, कर्नाटकातले चार. जिल्ह्यांची नावं लागली, हातांची राहिली. २०२५ च्या जूनमध्ये प्राडानं मिलानच्या रॅम्पवर आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल मिरवली आणि मूळ सांगितलं नाही. तेव्हा इथल्या पांढरपेशांनी केवढा गलका केला! कंपनीला मग कबूल करावं लागलं. बरंच झालं. पण मिलानच्या नावानं बोंब मारणारे हेच लोक आपल्या बागेत मात्र चिडीचूप. इथंही चप्पल मांडलेली असते नि चांभार गाळलेला असतो.

काही दोस्त म्हणतात, मेळ्यावर बहिष्कार घाला. मी नाही म्हणत. जोडी विकली तर कुणाची तरी चूल पेटते. माझं मागणं साधं आहे. प्रत्येक जोडीवर बनवणाऱ्याचं नाव लिहा. किमतीतले किती रुपये त्याच्या हातात पडले, तेही लिहा. गल्ल्यावर त्यालाच बसवा आणि त्याच्याकडून स्टॉलचं भाडं घेऊ नका.

आणि 'कला जपा' म्हणून आम्हाला उपदेश करू नका. जात कामं वाटत नाही, काम करणारी माणसं वाटून टाकते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच बजावलंय. चांभाराच्या पोरानं रापी धरायची की कॉम्प्युटर, हे ते पोरगं ठरवील. हलगीवाल्याला फाटकावरच का उभं करता? आत जो कवितेचा मंच आहे, चित्रांची भिंत आहे, तिथंही त्याची जागा आहे. तुम्हाला वारसा जपायचाय ना? मग तुमची पोरं पाठवा माझ्या बापाकडे, आरी धरायला. तो शिकवील. जात नाही विचारणार.

जयभीम!