गुण त्यांचे, खर्च आपला

चेन्नईच्या जुन्या महाबलिपुरम रस्त्यावरील संगणक कंपन्यांत, गिंडी आणि श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांत काम करणाऱ्या सुशिक्षित तरुणांमध्ये एक हिशेब सतत चाललेला असतो. वयाचे गुण किती, पदवीचे किती, इंग्रजीचे किती, अनुभवाचे किती? कॅनडात वा ऑस्ट्रेलियात कुशल कामगार म्हणून कायम वास्तव्याचा परवाना मिळवायचा तर ही बेरीज जमवावी लागते. पुणे, नाशिक, बंगळूर, हैदराबाद येथील मराठी कुटुंबांतही ती आता परकी राहिलेली नाही. वरकरणी ही पद्धत निःपक्षपाती दिसते. वर्ण नाही, धर्म नाही, वशिला नाही, केवळ गुण! परंतु तागडी कोणाच्या हाती आहे आणि तीत नेमके काय तोलले जाते, हे पाहिल्याखेरीज या निःपक्षपातीपणाचे मोल ठरवता येणार नाही.

या पद्धतीपूर्वी जे होते ते अधिक घृणास्पद होते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. 1901 च्या कायद्यानुसार ऑस्ट्रेलियाचे अधिकारी नको असलेल्या माणसाला कोणत्याही युरोपीय भाषेत श्रुतलेखन घालून नापास करीत. 1934 मध्ये युद्धविरोधी परिषदेसाठी आलेले प्रागचे कम्युनिस्ट लेखक एगॉन एर्विन किश यांना अनेक भाषा येत होत्या. म्हणून त्यांची परीक्षा स्कॉटिश गेलिक भाषेत घेण्यात आली. अखेर तेथील सर्वोच्च न्यायपीठालाच ही परीक्षा अवैध ठरवावी लागली. कॅनडाने 1914 मध्ये कोमागाता मारू जहाजावरील बहुसंख्य भारतीय प्रवाशांना व्हँकुव्हरच्या किनाऱ्यावरून परत पाठवले. त्याच कॅनडाने 1967 मध्ये गुणपद्धती आणली आणि ऑस्ट्रेलियाने 1973 मध्ये वर्णभेदाचे धोरण मोडीत काढले. वर्णद्वेषाविरुद्ध जगभर झालेल्या लढ्यांचा यात वाटा आहेच. पण त्याबरोबर हेही खरे की, युरोपातून येणारा कुशल कामगार वाढत्या उद्योगांना अपुरा पडू लागला होता. दार उघडले ते केवळ न्यायबुद्धीने नव्हे, गरजेपोटीही उघडले.

ही गरज गुणांच्या तक्त्यात स्पष्ट वाचता येते. कॅनडाच्या 1200 गुणांच्या क्रमवारीत अविवाहित अर्जदाराला वयाचे सर्वाधिक, म्हणजे 110 गुण विसाव्या ते एकोणतिसाव्या वर्षांत मिळतात; पंचेचाळिशी गाठली की शून्य. ऑस्ट्रेलियात पंचवीस ते बत्तीस या वयाला 30 गुण आहेत आणि पंचेचाळीस वर्षे पूर्ण झालेल्याला सामान्यतः दार बंद आहे. अर्जासाठी किमान 65 गुण लागतात. परंतु तेवढे मिळाले म्हणजे निमंत्रण मिळेलच, असे नाही. याचा अर्थ सरळ आहे. ज्याचे बालपण, आजारपण आणि शिक्षण यांचा खर्च दुसऱ्या समाजाने उचललेला आहे आणि ज्याच्या अंगी अद्याप तीस वर्षांचे श्रम शिल्लक आहेत, अशी तयार श्रमशक्ती हवी आहे. माणसाची थोरवी मोजण्याचे हे माप नव्हे. त्याच्या उरलेल्या उपयुक्ततेचे ते माप आहे.

हा खर्च कोणी केला? गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे मूळ 1794 च्या भूमापन शाळेत आहे. मद्रासची आयआयटी 1959 मध्ये आणि अण्णा विद्यापीठ 1978 मध्ये स्थापन झाले. या संस्था सार्वजनिक पैशावर उभ्या राहिल्या. त्या पैशात विडी वळणाऱ्या स्त्रीपासून शेतमजुरापर्यंत सर्वांनी भरलेल्या अप्रत्यक्ष करांचा हिस्सा आहे. मुंबईत जन्मलेले अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती यांनी 1970 च्या दशकात, स्थलांतरित तज्ज्ञांच्या परदेशी मिळकतीवर कर बसवून तो विकसनशील देशांच्या विकासाला द्यावा, अशी सूचना केली. भगवती काही समाजवादी नव्हेत. तरीही श्रीमंत राष्ट्रांनी ती सूचना अमलात आणली नाही.

खाजगी महाविद्यालयात कर्ज काढून शिकलेल्याचा खर्च तर त्याच्या कुटुंबाने थेट सोसलेला असतो. त्यावर पदवीच्या पडताळणीचे शुल्क, इंग्रजीच्या परीक्षेचे शुल्क आणि सरकारी शुल्क. ऑस्ट्रेलियाच्या स्वतंत्र कुशल परवान्यासाठी मुख्य अर्जदाराला एकट्यालाच साडेचार हजार डॉलरांहून अधिक रक्कम भरावी लागते. कॅनडासाठी इंग्रजीचा निकाल दोनच वर्षे ग्राह्य धरला जातो. मुदत संपली की पुन्हा परीक्षा आणि पुन्हा पैसे. सल्लागाराची फी वेगळीच. वास्तविक अर्ज स्वतः करता येतो, सल्लागाराची सक्ती नाही. परंतु अनिश्चिततेचा जेथे बाजार भरतो तेथे दलाल येतोच.

ही अनिश्चितता काल्पनिक नाही. 2012 मध्ये कॅनडाच्या सरकारने कायदा करून, फेब्रुवारी 2008 पूर्वी दाखल झालेले आणि निर्णय न झालेले कुशल कामगारांचे अर्ज एका फटक्यात रद्द केले. सुमारे दोन लाख ऐंशी हजार माणसांची आशा त्यात बुडाली. शुल्क परत मिळाले. वाट पाहण्यात गेलेली वर्षे कोण परत करणार? ब्रिटनने 2006 मध्ये, आधीच देशात येऊन राहिलेल्या कुशल स्थलांतरितांना नवे नियम मागील तारखेपासून लागू केले. तेथील स्थलांतरितांनी संघटना करून न्यायालयात दाद मागितली आणि 2008 मध्ये ते जिंकले. या दोन घटना शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. गुणपद्धती माणसाला एकटा करते, शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याला प्रतिस्पर्धी बनवते. न्याय मिळाला तो मात्र गुण वाढवून नव्हे, एकत्र येऊन.

1860 च्या ऑक्टोबरात याच मद्रास बंदरातून 342 माणसांना घेऊन ट्रुरो हे जहाज नाताळला निघाले. त्यांतील मजूर करारबद्ध होते, मळ्यांच्या मालकांना विकल्यासारखे बांधलेले. आजच्या अभियंत्याची तुलना त्यांच्याशी करणे अतिशयोक्तीचे होईल. तो स्वेच्छेने जातो, नागरिकत्वाकडे जातो. मात्र अटी ठरवणारा पक्ष तेव्हाही एकच होता आणि आजही एकच आहे.

म्हणून जाणाऱ्या तरुणाला देशद्रोही ठरवणारी मध्यमवर्गीय नीतिकथा कष्टकरी चळवळीला मान्य होण्याजोगी नाही. मराईमलै नगरच्या फोर्ड कारखान्यातील मोटारींचे उत्पादन 2022 मध्ये थांबले. टीसीएससारख्या बलाढ्य कंपनीने 2025 मध्ये सुमारे बारा हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. श्रीपेरुंबुदूरच्या सॅमसंग कामगारांना युनियनच्या मान्यतेसाठी 2024 मध्ये 37 दिवस संप करावा लागला. जेथे कौशल्याला स्थैर्य नाही आणि संघटनेचा घटनादत्त हक्कही झगडून घ्यावा लागतो, तेथून तरुणाने दुसऱ्या दाराकडे पाहिले तर दोष त्याचा नाही.

मग मागणी काय असावी? 1983 च्या प्रवासी कायद्याचा रोख मुख्यतः परदेशी मालकांसाठी भरती करणाऱ्यांवर आहे. वास्तव्याचा परवाना मिळवून देण्याचे आमिष दाखवणाऱ्या सल्लागारांनाही कडक कायद्याखाली आणले पाहिजे. भारतीय पदव्यांच्या मान्यतेचे करार झाले पाहिजेत, म्हणजे कागदावर गुण मिळवलेल्या अभियंत्याला तेथे टॅक्सी चालवण्याची पाळी येणार नाही. स्थलांतरित कामगारांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा 1990 चा करार कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाने स्वीकारलेला नाही, भारतानेही नाही. परक्यांकडे न्याय मागणाऱ्या सरकारने आधी स्वतः त्यावर सही करावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, संगणक उद्योगातील कर्मचाऱ्याने आपण कामगार आहोत हे ओळखले पाहिजे. येथे युनियनमध्ये उभा राहिलेला माणूस टोरोंटोत वा मेलबर्नला गेला, तरी तेथील कामगारांच्या रांगेत ताठ मानेने उभा राहील. ही शिकवण कोणत्याही तक्त्यात एकही गुण मिळवून देणार नाही; पण तक्ता बदलण्याचे बळ तिच्यातच आहे.