सुट्टी कुणाची?

मे महिन्यात आम्ही घरची नऊ माणसं आठवडाभर कोकणात गेलो होतो. समुद्रालगत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर भाड्यानं घेतलं. ‘बाहेरचं रोज सोसत नाही’ म्हणून कुकर, पोळपाट-लाटणं, मसाल्याचा डबा घरूनच नेला. मी समुद्र पाहिला तो बहुतेक स्वयंपाकघराच्या खिडकीतून. दीर रोज सकाळी वाळूत सूर्यनमस्कार घालून येत आणि चहा मागत. निघायच्या दिवशी म्हणाले, ‘वहिनी, तुम्हीही योगासनं करायला हवी होती. किती हलकं वाटतं!’

हलकं वाटणारच. त्यांचा भार मी उचलला होता ना!

हल्ली सगळीकडून बाईला सल्ला मिळतो : सहलीतही स्वतःची काळजी घ्या, योग चुकवू नका, त्यासाठी सगळ्यांच्या अर्धा तास आधी उठा. पण सगळ्यांच्या आधी तर ती उठतेच! आणखी लवकर उठली, तर तिला वेळ मिळत नाही. तिची झोप तेवढी जाते. आणि नाही जमलं, तर दोष पुन्हा तिचाच : ‘तू स्वतःकडे लक्षच देत नाहीस.’

प्रश्न आळसाचा नाही, वाटणीचा आहे. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं दिसलं. त्यातही घरकामाला हात लावणाऱ्या बायका शंभरात ८१, पुरुष मात्र २६. सहलीला निघताना ही मिनिटं घरी राहत नाहीत. पिशवीत बसून बरोबर येतात.

१८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईच्या गिरणी कामगारांनी रविवारची सुट्टी मिळवली. त्या मागणीच्या सभेत कामगार स्त्रियाही बोलल्या होत्या. गिरणीचा भोंगा रविवारी थांबला. चूल थांबली नाही. घरातल्या कामाला सुट्टी असते, हे अजून कुणी मान्यच केलेलं नाही.

आपल्या गटांतही बाईच्या विश्रांतीचा विषय निघाला, की ‘हे मध्यमवर्गीय चोचले’ म्हणून तो बाजूला पडतो. शेतमजूर बाईला कुठली आलीय सहल, असं आपण म्हणतो. खरं आहे. पण तीही दिवसभर राबून घरी येते आणि चुलीपुढे बसते. तिच्या वेळेवर हक्क कुणाचा, हा प्रश्न तिचाही आहेच. आणि आपण बाहेर जेवायचं ठरवलं, तर तिथं भाकऱ्या थापणारी बाईच असते. तिला योग्य मजुरी आणि आठवड्याची सुट्टी मिळते का, हे विचारणंही आपलंच काम.

म्हणून मैत्रिणींनो, सहल ठरेल त्याच दिवशी कामं वाटून घ्या. सकाळचा चहा कोण करणार, मुलांच्या आंघोळी कुणाकडे, भांडी कोण घासणार, हे नावानिशी लिहा. बाईचा रोजचा एक तास आधी ठरवा, बाकीचा कार्यक्रम नंतर. त्या तासात तिनं आसनं करावीत, वाचावं, नाहीतर नुसतं लोळावं. कारण सांगायची गरज नाही.

‘मदत करू का?’ असं कुणी विचारलं, तर सांगा : मदत नको, तुमच्या वाटणीचं काम करा.