कर्करुग्णांच्या शस्त्रक्रियेआधीच्या आणि नंतरच्या पोषणाबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
पिंपरी चिंचवड महानगरपालिका, पिंपरी - 411018

विषय : कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी व नंतर रुग्णांना आहारतज्ज्ञांचा सल्ला आणि पूरक पोषण मोफत मिळणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे जुनी व नवी सांगवीतील कर्करुग्णांचे कुटुंबीय आहोत. शस्त्रक्रियेची तारीख मिळते, महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मंजुरी येते. पण त्या तारखेपर्यंत रुग्णाने घरी काय खायचे, हे कोणी बसवून सांगत नाही.

आमच्या शेजारचे एक गृहस्थ चाकणला कंत्राटी कामगार होते. तोंडाचा कर्करोग. तोंड उघडेना म्हणून नाकातून नळी घातली आणि घरी पाठवताना चिठ्ठीवर तीनच शब्द लिहिले : 'हाय प्रोटीन डाएट'. त्यांच्या पत्नी रोज मुगाची डाळ शिजवून फडक्यातून गाळायच्या, कारण कण अडकला की नळी तुंबते. वरचे पाणी सिरिंजने नळीत जायचे, डाळ फडक्यात राहायची. अंगी लागायचे ते फडक्यातच राहते आहे, हे त्या माउलीला कोणी सांगितलेच नाही. त्यात पाहुणे बजावत, दूध-अंडी देऊ नका, गाठीला बळ मिळते. शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत शर्ट अंगावर लोंबायला लागला होता. पुढे जखम भरेना आणि रेडिएशन लांबले.

जखम भरायची तर शरीराला प्रथिने लागतात. ती आहारातून मिळाली नाहीत की शरीर स्वतःचे स्नायू मोडून ती मिळवते. जंतुसंसर्ग वाढतो, टाके सुटतात. आतड्याच्या व जठराच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियांची 75 देशांतील पाहणी 2023 मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आली. तीत तीनपैकी एक रुग्ण तीव्र कुपोषित आढळला आणि अशांमध्ये शस्त्रक्रियेनंतरच्या 30 दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण जास्त होते. 'एस्पेन' या युरोपीय पोषणतज्ज्ञांच्या संस्थेची शिफारस तर अशी की, फार खंगलेल्या रुग्णाला आधी 7 ते 14 दिवस पोषण द्यावे, त्यासाठी कर्करोगाची शस्त्रक्रिया पुढे गेली तरी चालेल.

आमच्या वेशीवरच औंधचे उरो रुग्णालय आहे. तिथल्या क्षयरुग्णाच्या खात्यात निक्षय पोषण योजनेचे पैसे 2018 पासून जमा होतात. नोव्हेंबर 2024 पासून ही रक्कम महिना 1000 रुपये झाली. अन्न हा उपचाराचाच भाग आहे, हे शासनाने तिथे मान्य केले. मग कर्करुग्णाला ते का लागू होऊ नये?

म्हणून मागणी अशी की, यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात आणि सांगवीतील महापालिकेच्या दवाखान्यात प्रत्येक कर्करुग्णाचे वजन दर भेटीत केसपेपरवर नोंदवावे. सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांहून अधिक घटले असेल, तर त्याच दिवशी आहारतज्ज्ञांकडे पाठवावे. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना सरसकट प्रोटीन पावडर देऊन चालणार नाही, त्यामुळे आहारतज्ज्ञाचे पद भरलेलेच असावे. शस्त्रक्रियेआधी किमान दोन आठवडे आणि नंतर जखम भरेपर्यंत पूरक आहार मोफत द्यावा. नळीतून काय व किती द्यायचे, हे घरच्या बाईमाणसाला मिक्सरसमोर उभे करून शिकवावे.

आणखी एक. 'रात्री बारापासून काही नाही' असे सांगून शस्त्रक्रिया दुपारवर किंवा दुसऱ्या दिवसावर ढकलली जाते, रुग्ण दोनदा उपाशी राहतो. भूलशास्त्राच्या आजच्या नियमांनुसार बहुतेक रुग्णांना हलके अन्न सहा तास आधीपर्यंत आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. ते पाळले जावे, यासाठी पैसाही लागत नाही.

सह्या करणाऱ्यांपैकी काहींच्या घरचे रुग्ण आज शस्त्रक्रियेच्या तारखेची वाट पाहत आहेत. त्या तारखेपर्यंतचे दिवस मोजके आहेत, तरी पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
कर्करुग्णांचे कुटुंबीय, जुनी व नवी सांगवी