गुरूचे नाव आधी

माथेरानचा इतिहास सांगताना बहुतेक जण १८५० सालापासून प्रारंभ करतात. त्या वर्षी ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून गेले आणि पुढे १९०७ मध्ये नेरळहून छोटी आगगाडी वर पोहोचली. धनगर, ठाकूर, कातकरी यांचा वावर या रानात पूर्वापार होता. परंतु तळ्याला शार्लट आणि कड्यांना लुइझा, अलेक्झांडर ही साहेबी नावे चिकटली, ती आजतागायत. आपले नाव मागे ठेवण्याची माणसाची हौस अशी दांडगी आहे.

त्याच कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याच्या रानात, कोंडाणे लेणे या हौसेकडे निराळ्या दृष्टीने पाहावयास लावते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंसाठी ते खोदले गेले. लाकडी बांधकामाची हुबेहूब प्रतिकृती पाषाणात उतरविणाऱ्या या चैत्यगृहाचे बहुतेक खांब आज भंगले आहेत, स्तूपही झिजला आहे. दर्शनी भागावरील एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मी लिपीत एकच ओळ आढळते. कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले, एवढाच तिचा आशय. ना राजाची बिरुदे, ना दानाचा आकडा. आणि त्या एका ओळीतही गुरूचे नाव आधी, स्वतःचे नंतर! अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा. बलकाने आपली ओळख सांगितली ती एवढीच.

सर्व काही अनित्य आहे, असे मानणाऱ्यांनी कठीण कातळ का खोदला असावा? काळावर मात करण्यासाठी खचित नव्हे. पावसाळ्यात भ्रमंती थांबवून एके ठिकाणी राहावे, हा भिक्षूंचा नियम होता. मुसळधार पावसात मन स्थिर करण्यासाठी आसरा हवा, इतकीच त्यांची गरज होती.

आज तोच पाऊस येथे गर्दी आणतो. लेण्यासमोर कोसळणाऱ्या धबधब्याखाली भिजण्यात वावगे काहीच नाही. मात्र आपल्याकडील लेण्यांच्या भिंतींवर कोळशाने वा खिळ्याने नावे कोरणारे महाभाग थोडे नाहीत. संरक्षित स्मारक विद्रूप करणे १९५८ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे; पण रानातल्या प्रत्येक लेण्यावर अहोरात्र पहारा कोण ठेवणार? जे काम शिपायाच्या दंडुक्याने साधत नाही, ते संस्कारानेच साधावे लागते.

म्हणूनच सहलीला मुले नेणाऱ्या शिक्षकांनी डबे उघडण्यापूर्वी त्यांना त्या एका ओळीसमोर घटकाभर उभे करावे, तिचा अर्थ सांगावा आणि मग स्वस्थ बसू द्यावे. ज्याच्या हाताला कातळावर हवे ते कोरता येत होते, त्याने स्वतःविषयी किती थोडे कोरले, हे ज्या मुलाला उमगेल, त्याचा हात भिंतीकडे जाणार नाही.