गेल्या पावसाचा हिशेब

तापमान एका अंशाने वाढले, की हवेची बाष्प सामावण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. १९५० नंतर महासागरांचे खारट भाग अधिक खारट, तर कमी खारट भाग आणखी गोडे झाले. जलचक्र तीव्र होत असल्याचीच ही साक्ष होय. जमिनीवर पाऊस अल्पावधीत कोसळतो आणि खंड पडला, की माती लवकर सुकते.

बच्छावत लवादाने १९७३ साली कृष्णेचे २,०६० अब्ज घनफूट पाणी वाटले, ते १८९४ पासूनच्या ७८ वर्षांच्या प्रवाहावर विसंबून. तेव्हा ते योग्यच होते. परंतु निसर्गाने खातेवही बदलल्यावर जुनीच शिल्लक पुढे ओढणे, हा कोणता हिशेब? प्रत्येक निवाड्याला ठरावीक मुदतीने फेरतपासणीचे बंधन हवे. अन्यथा वाटणी कागदावरच्या पाण्याची होईल आणि तंटा मात्र खऱ्या पाण्यासाठी पेटेल.