तालीम घरातली आणि तालीम मैदानावरची

आपल्या घरात तालीम म्हणजे शिक्षण. उंबरा ओलांडला की कोल्हापुरात तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, नाहीतर फुटबॉलचा संघ. शब्द एकच, पण कॉलेजात गेलेल्या पोराला ‘दोन्हीतलं एक काय ते धर’ असं सांगणारेही आपणच. मुलगी असेल तर बहुतेक वेळा खेळच सुटतो.

खेळून पोट भरतं का, हा अम्मी-अब्बांचा प्रश्न रास्त आहे. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण त्यातल्या अनेक पदांना पदवी लागते. म्हणजे पदक असून पदवी नसेल, तर तो दरवाजा अर्धाच उघडतो.

मिश्र शिक्षणाचा, म्हणजे काही तास वर्गात आणि काही ऑनलाईन, उपयोग होतो तो इथे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाईन शिकवण्याचा मसुदा मांडला. त्याच वर्षीच्या नियमांनी ‘स्वयम्’ या सरकारी पोर्टलवरून एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स करून क्रेडिट मिळवण्याची मुभा दिली. स्पर्धेसाठी आठ-आठ दिवस परगावी राहणाऱ्या मुलांना हा मोठा आधार आहे. परतीच्या रेल्वेतही तास बघता येतो.

पण यात एक मेख आहे. तासाची वेळ आपल्या हातात येते, परीक्षेची तारीख येत नाही. स्वयम्‌ची परीक्षासुद्धा केंद्रावर, ठरल्या दिवशीच द्यावी लागते. सायन्सवाल्यांची प्रात्यक्षिकं मोबाईलवर होत नाहीत. आणि कुठला कोर्स चालेल हे विद्यापीठ-कॉलेज ठरवतं, त्यामुळे आधी कोर्स करून मग विचारलं तर मेहनत वाया जायची.

आमची एक माजी विद्यार्थिनी राज्य स्पर्धा खेळून आली, तोवर अंतर्गत परीक्षेचे गुण हातचे गेले होते. अर्ज दिला होतास का विचारलं, तर म्हणाली, ‘सर, तोंडी सांगितलं होतं.’

१९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला पैसे कमी पडत होते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं. आज कॉलेजकडे आपण एवढं मागत नाही. स्पर्धेच्या दिवसांची हजेरी कशी धरणार, बुडालेली परीक्षा पुन्हा घेणार का, स्वयम्‌चे कोणते कोर्स चालतील, ही तीन उत्तरं प्रवेश घेतानाच मागा, तीही लेखी.

आणि एक घरातलं. बऱ्याच घरांत चांगला फोन एकच असतो, तो दिवसभर अब्बांबरोबर दुकानात. रात्री परत आला की आधी धाकट्याच्या हातात जातो, गेम खेळायला. प्रॅक्टिसवरून दमून आलेल्या बहिणीचा तास तेव्हाच असतो. तेवढा तासभर फोन तिच्याकडे राहू द्या.